उजव्या बाजूचा खिसा

विद्यापीठाच्या वस्त्रविभागात तळमजल्यावर एक लांबट खोली होती. चौदा शिवणयंत्रं, मधोमध कापड बेतायचं उंच टेबल, भिंतीला टांगलेले कागदी आराखडे आणि खिडकीपाशी डोकं नसलेला एक कापडी पुतळा. या खोलीचा कारभार एकतीस वर्षं एकाच बाईंच्या हातात होता. कागदोपत्री हुद्दा कार्यशाळा सहायकाचा, पण मुलं त्यांना टाचणीबाई म्हणत. एक तर त्यांच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत. आणि त्या नसल्या तरी बाईंचं बोलणं टोचायचंच.

“ही बाही आहे का पिशवी?” त्या विचारत. “पिशवी असेल तर छान झालीय.”

पण हात असा, की कापडाला लावताच त्याचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे बाई न बघता सांगत. पदवी घेतलेल्या मॅडमसुद्धा अवघड कापडाला कात्री लावण्याआधी एकदा बाईंना दाखवत.

या बाईंच्या घरी काय आहे, हे मात्र विभागात फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. सगळे त्यांना पेंटर म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परतला, वाचाही हळूहळू परतली. उजवा हात तेवढा कोपरात वाकून छातीशी राहिला तो राहिलाच. पेंटर घराबाहेर पडेनासे झाले. बाई सकाळी अर्ध्या मिनिटात त्यांना शर्ट घालायच्या, बटणं लावायच्या आणि कामाला पळायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “बरे आहेत.” पुढे कुणी विचारायची हिंमत करत नसे.

एका सोमवारी विभागाच्या मॅडमनी शिवणखोलीच्या भिंतीला भला मोठा पडदा लावून घेतला. त्यावर कॅमेरा बसवला. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं की दोन समुद्रांपलीकडच्या एका विद्यापीठाशी आपलं ठरलं आहे. तिकडची बारा मुलं, इकडची बारा. एक तिकडचा, एक इकडचा अशा जोड्या. ज्याला बाजारचे तयार कपडे चालत नाहीत असा एक खरा माणूस प्रत्येक जोडीने शोधायचा आणि त्याच्यासाठी एक कपडा करायचा. निम्म्या जोड्यांचा माणूस इकडचा, निम्म्यांचा तिकडचा. जिकडचा माणूस तिकडे शिवण, आणि आराखडा दुसऱ्या टोकाच्या जोडीदाराने काढून पाठवायचा.

“आपल्या वर्गातली दोन मुलंसुद्धा परदेशी शिकायला जाऊ शकतील की नाही, शंका आहे,” मॅडम म्हणाल्या. “मग निदान तिकडचं माणूस तरी यांच्या शेजारी बसू दे. एक अख्खं सत्र.”

“आणि अंगाचं माप कसं घेणार? पडद्यातून?” टाचणीबाईंनी विचारलं. “उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल हे.”

“माप घ्यायला तुम्ही आहात ना, बाई,” मॅडम हसल्या. “शेळ्या तुमच्या ताब्यात.”

पहिला तास अपेक्षेप्रमाणे गोंधळात गेला. इकडे दुपारचे तीन, तिकडे सकाळचे साडेनऊ. तिकडचे चेहरे मधेच गोठायचे, तोंड उघडं ते उघडंच. आवाज आला की चित्र जायचं. दोन्हीकडची मुलं एकमेकांकडे बघून नुसती हसत होती. जोड्या जुळल्या तेव्हा वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीच्या वाट्याला तिकडची एक उंच मुलगी आली. आपल्या मुलीला जाड चष्म्यामुळे सगळे ढापणी म्हणत. तिकडच्या मुलीच्या खोलीत थंडी असावी, कारण ती तासभर लोकरीची टोपी घालून बसली होती. तिचं नाव कुणाच्याच जिभेवर नीट बसेना, म्हणून ती टोपीवाली झाली.

बाकीच्यांना माणसं पटापट मिळाली. कुणाची ठेंगणी आत्या, कुणाचा चाकाच्या खुर्चीतला शेजारी. ढापणीचं घोडं अडलं. आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात टोपीवालीने पडद्यावरून विचारलं तेव्हा ढापणीने मान खाली घातली. तास संपल्यावर ती शिवणयंत्रापाशी उगाच रीळ काढत-घालत बसली.

“एवढ्या मोठ्या गावात एक माणूस मिळेना तुला?” टाचणीबाई म्हणाल्या.

“विचारायचं कसं, बाई? ‘तुमच्या अंगात काय कमी आहे, मला दाखवा’ असं म्हणायचं?”

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. का म्हणाल्या ते त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही, पण त्या म्हणाल्या, “माझ्या घरी आहे एक. शनिवारी ये. आणि फार वेळ बोलत बसू नकोस, ते दमतात.”

शनिवारी ढापणी लॅपटॉप घेऊन घरी आली. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर रंगाच्या ब्रशांचा डबा अजून तसाच ठेवलेला. पेंटर धुतलेला शर्ट घालून, म्हणजे बाईंनी घालून दिलेला शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसले होते. पडद्यावर टोपीवाली उगवली. ती तिच्या भाषेत बोलायची, ढापणी आपल्या भाषेत सांगायची.

“ती विचारते, काका, तुम्हाला कुठला कपडा घालायला सगळ्यात त्रास होतो?”

“शर्ट,” बाई म्हणाल्या. “उजवा हात वर जात नाही. मुंढ्यात अडकतो.”

“ती विचारते, मुंढा म्हणजे?”

“खांद्याला बाही जोडतात ती जागा. तिला सांग, मोठा ठेवायला हवा. दीड बोट खाली.”

“ती विचारते, रंग कुठला आवडतो?”

“निळा,” बाई म्हणाल्या. “मळखाऊ.”

असं दहा मिनिटं चाललं. टोपीवाली विचारायची पेंटरांना, उत्तरं यायची बाईंकडून. मग टोपीवाली म्हणाली की शर्ट घालताना एकदा बघायचं आहे. बाई उठल्या. शर्ट काढला, परत घातला. आधी वाकडा हात, मग मान, मग सरळ हात, वरपासून खालपर्यंत सहा बटणं. अर्धं मिनिट. टोपीवालीने काहीतरी म्हटलं.

“काय म्हणतेय?”

ढापणीचे कान लाल झाले. “ती म्हणतेय... तुमचे हात फार छान चालतात, बाई. आता काकांना एकट्यांना घालू द्या.”

“त्यांना नाही जमत.”

ढापणीने ते तिकडे सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “ती म्हणते, नाही जमलं तर कुठे जमत नाही ते दिसेल.”

बाई काही बोलणार, एवढ्यात पेंटर म्हणाले, “दे शर्ट.”

अकरा मिनिटं लागली. बाई स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. एकदा बाही उलटी झाली. एकदा कॉलर मानेमागे दुमडली आणि पेंटरांना ती काही केल्या सापडेना. बाई दोनदा उठल्या, दोनदा पेंटरांनी त्यांना डोळ्यांनी बसवलं. बटणांपाशी ते सगळ्यात जास्त अडले. डाव्या हाताने काजं सापडत, बटण सापडत नसे. चार लागली, दोन राहिली. कपाळावर घाम आला होता. पलीकडे टोपीवालीला भाषा येत नव्हती, त्यामुळे ती नुसती बघत होती आणि मान खाली घालून भराभर कागदावर काही काढत होती.

मग तिने थेट पेंटरांकडे बघून एकच प्रश्न विचारला. ढापणी म्हणाली, “काका, ती विचारते, शर्टात तुम्हाला काय हवंय?”

“खिसा,” पेंटर म्हणाले. “उजव्या बाजूला. सगळ्या शर्टांना डाव्या छातीवर खिसा. माझा डावा हात तिथे वळत नाही. चष्मा ठेवला की काढता येत नाही. तीन वर्षं झाली, हिला हाक मारतो.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एकतीस वर्षं लोकांना खिसे लावून दिले होते.

सोमवारी सकाळी चहा देताना त्यांनी विषय काढलाच.

“मला का नाही सांगितलंत? एक खिसा उसवून इकडचा तिकडे लावायला मला पाच मिनिटं लागली असती.”

“तू विचारलं नाहीस.”

“आणि त्या टोपीवालीने विचारलं!”

“तिने विचारलं,” पेंटर म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

बाईंना राग आला होता. कुणाचा, ते धड कळत नव्हतं. कामावर गेल्या तेव्हा त्या दिवशी त्यांनी तीन जणांच्या शिवणी उसवायला लावल्या.

आठवड्याभराने टोपीवालीचा आराखडा आला. संगणकातून आलेले कागद छापून, चिकटवून ढापणीने टेबलावर पसरले. उजवा मुंढा खोल, उजव्या बाहीला बाजूने उघडणारी फट, खिसा उजवीकडे. आणि पट्टी उलटी! पुरुषाच्या शर्टात काजं डाव्या पट्टीवर असतात, बटणं उजव्या. टोपीवालीने ती बायकांच्या शर्टासारखी फिरवली होती, म्हणजे बटण डाव्या हाताला आपोआप सापडावं.

“हे काय?” बाई म्हणाल्या. “पेंटरांना बायकी पट्टी? लोक हसतील.” मग पट्टीवरून बोट फिरवत म्हणाल्या, “संध्याकाळी त्यांनाच विचारते.”

पेंटर म्हणाले, “दुकानाची पाटी लोक वाचतात. शर्टाची पट्टी कोण वाचतंय?”

मग कापड आणलं. पेंटरांनी राखाडी रंग निवडला. निळा त्यांना कधीच आवडत नसे, हेही त्याच आठवड्यात उघड झालं. ढापणीने कात्री हातात घेतली आणि कागदाच्या कडेशी घुटमळली.

“रेषेवरच कापायचं ना, बाई? का बाहेर सोडायचं?”

“रेषा कशाला काढतात? रेषेवर काप.”

ढापणीने रेषेवर कापलं. शिवणही छान घातली. पहिल्यांदा अंगात घालून बघायचं ते पडद्यासमोर, वर्गात, सगळ्यांच्या देखत असं ठरलं होतं. पेंटर येणार नाहीत अशी बाईंची खात्री होती. ते आले. तीन वर्षांत दवाखाना सोडला तर पहिल्यांदाच घराबाहेर पडून, ढापणीच्या आधाराने जिना उतरून, रिक्षात बसून आले. वर्गातल्या मुलांनी खुर्ची दिली. टाचणीबाईंचे यजमान हे, एवढंच मॅडमनी सांगितलं आणि सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

पेंटरांनी उजवा हात बाहीत घातला. गेला. शर्ट पाठीमागून ओढला. डावा हात घातला, आणि तिथे माशी शिंकली. शर्ट पाठीवर असा ताणला गेला की दोन्ही हात जखडले. पुढे येईना, मागे जाईना. वाकडा हात कोपरात दाबला गेला आणि पेंटर कळवळले.

“काढ,” ते म्हणाले. “काढ हे!”

काढताही येईना. बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि पाठीवरून खालपासून कॉलरपर्यंत शर्ट सरळ उभा कापला. टरटर आवाज पलीकडेही ऐकू गेला असणार. टोपीवालीने तोंडावर हात ठेवला होता. ढापणी रडायला लागली. मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, “असं होतं, पहिल्या वेळी होतंच. दोन देशांच्या पद्धती वेगळ्या असतात, त्यातूनच आपण...”

बाईंनी ऐकलंच नाही. शर्टाचे दोन तुकडे त्यांनी टेबलावर पसरले होते आणि त्यावर तो कागद ठेवला होता. टेप लावली. पुन्हा लावली. मग ढापणीला म्हणाल्या, “डोळे पूस आणि तिला विचार. तिची ही रेषा कापायची आहे का शिवायची?”

ढापणीने विचारलं. उत्तर आलं: शिवायची. त्यांच्याकडे कागदावर शिवणीची रेषा काढतात. कापताना बाहेर चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर सोडतात. तिला वाटलं, सगळीकडे तसंच करत असतील. इथे बाईंच्या खोलीत एकतीस वर्षं कापायचीच रेषा काढत होते. शिलाईचं कापड तिच्यातच धरलेलं. दोन्ही कुशींना मिळून शर्ट सहा सेंटीमीटरने आवळला होता.

“चूक माझी आहे,” टाचणीबाई मोठ्याने म्हणाल्या. “हिने मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं, तिकडे विचारलं नाही. हे तिला सांग, जसंच्या तसं. गोड करू नकोस.”

ढापणीने सांगितलं. टोपीवाली भराभर काहीतरी म्हणाली.

“ती म्हणते, चूक तिचीही आहे. तिने कागदावर लिहायला हवं होतं.”

“मग दोघी मिळून लिहा आता. बाकीच्यांनीही आपापले कागद काढा.”

सगळ्यांनी कागद काढले. आणखी तीन जोड्यांचे कपडे असेच चुकणार होते. दोन इकडे, एक तिकडे, आणि तिकडचा तर उलटा, ढगळ झाला असता. उरलेला तास पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सगळे रेषांवर नावं लिहीत होते. गोंधळ होता, पण पहिल्या दिवसासारखा नव्हता. जो तो आपल्या जोडीदाराला मोठ्याने विचारत होता आणि उत्तर येईपर्यंत थांबत होता. ढापणी त्या दिवशी तासाभरात जेवढं बोलली तेवढं वर्षभरात बोलली नसेल.

पेंटर कोपऱ्यात बनियनवर खांद्यावर शाल घेऊन बसले होते. बाईंना वाटलं, आता हे परत कधी येणार नाहीत. त्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं, “दुखतंय का फार?”

“दुखलं,” ते म्हणाले. “तुझा हात मात्र सफाईदार आहे. एका रेषेत कापलंस.”

बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, “दुसरा शिवायचा का? तुमच्यावर आहे.”

“कापड उरलंय ना?”

दुसरा शर्ट तीन आठवड्यांनी झाला. या वेळी बाईंनी कात्रीला हात लावला नाही. बाहीची फट किती हवी ते पेंटरांनी सांगितलं, ढापणीने लिहून घेतलं, टोपीवालीने तिकडे एका बाहीचा नमुना शिवून, स्वतःचा उजवा हात छातीशी बांधून, पडद्यासमोर घालून दाखवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की फटीचं शेवटचं बटण एका हाताने लागत नाही. तिने तिथे आकडा सुचवला. पेंटर म्हणाले, आकडा नको, टोचेल. लवचीक दोऱ्यावर बटण लावा, काज उघडायची गरजच पडणार नाही. बाईंच्या तोंडावर आलेलं वाक्य नेमकं तेच होतं. ते त्यांनी गिळलं.

पहिल्या दिवशी सात मिनिटं लागली, महिन्याभराने चार. चष्मा उजव्या खिशात बसला. बाई सकाळी कामाला निघायच्या तेव्हा पेंटर अजून तिसऱ्या बटणावर असायचे. दार ओढून घेताना बाईंचे हात शिवशिवायचे. काही दिवसांनी तेही कमी झालं.

सत्राच्या शेवटी दोन्हीकडच्या मास्तरांनी गुण दिले. ढापणी आणि टोपीवाली पहिल्या आल्या नाहीत. पहिली आली ती चाकाच्या खुर्चीवाल्या शेजाऱ्याची विजार. पण अहवालात टोपीवालीने लिहिलं होतं की माप घेताना कुणी कुणाच्या वतीने उत्तर देऊ नये, हे ती एका शिवणखोलीत शिकली. मॅडमनी ते बाईंना वाचून दाखवलं.

“एवढं सौम्य लिहिलंय?” बाई म्हणाल्या. “मुलगी बरी आहे.”

ढापणीला पुढे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथे तीन देशांतल्या लोकांशी रोज पडद्यावर बोलावं लागतं. टोपीवालीची तिची अजून गाठ पडलेली नाही. पत्रं मात्र चालू असतात, आणि त्यात निम्मं शिवणकामाचं असतं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी पुन्हा तोच वर्ग घेतला. वर्ग सुरू व्हायच्या आधी पेंटरांनी स्वतःच निरोप पाठवला की यंदा त्यांना कोट हवा आहे. नवी जोडी त्यांच्या वाट्याला आली. पहिल्या भेटीच्या दिवशी ते काठी टेकत एकटे विद्यापीठात आले. बाई टेप घेऊन उठल्या.

“तू नको,” पेंटर म्हणाले. “माप मुलं घेतील. अडलं तर हाक मारतो.”

बाईंनी टेप त्या मुलांच्या हातात दिली आणि शेजारच्या कोठीत जाऊन कापडाचे तागे लावू लागल्या. मधली भिंत पातळ होती. पेंटरांचा अडखळता आवाज ऐकू येत होता, मग कुणीतरी तिकडच्या भाषेत काही म्हणालं, मग सगळे मिळून हसले. बाईंनी हातातला तागा खाली ठेवला आणि दाराकडे दोन पावलं टाकली. मग त्या परत आल्या, आणि फळीवरचा दुसरा तागा उतरवायला त्यांनी स्टूल ओढलं.